दोन दांड्यांची जागा

बेहेरे सरांना जळायला काडी लागत नाही. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर डब्याचं झाकण लावत ते म्हणाले होते, "जळो नाहीतर विझो, आपल्याला काय त्याचं!"

हे 'आपल्याला काय त्याचं' फार महत्त्वाचं. सरांच्या तोंडून हे शब्द आले की खुशाल समजावं, ठिणगी पडली. ज्याचं त्यांना खरोखरच काही नसतं, त्याबद्दल ते बोलतच नाहीत.

हडपसरला आमचं तंत्रनिकेतन आहे. मी तिथे इंग्रजी शिकवते, म्हणजे मुलं ज्या तासाला चहा प्यायला जातात तो तास माझा. यज्ञेश्वर बेहेरे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे सरांच्या हेव्याचं रोजचं बातमीपत्र मला सगळ्यांत आधी मिळतं. ते राहतात नारायण पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरच्या नळाची धार आपल्यापेक्षा जाड आहे, हा त्यांचा जुना सल. प्राचार्यांच्या गाडीला सावलीतली जागा मिळते, हा दुसरा. एकदा मेकॅनिकलच्या एका सरांचा मणका सरकला आणि डॉक्टरांनी त्यांना पडून राहायला सांगितलं, तर बेहेरे सर आठवडाभर धुमसत होते. "मजा आहे एकेकाची! आमचा मणका काय लोखंडाचा आहे?"

पण एक सांगायलाच हवं. हेव्यापोटी सरांनी कुणाचा अर्धा मार्कसुद्धा कधी कापलेला नाही. कुणाची चुगली केली नाही, कुणाच्या कामात खोडा घातला नाही. जळायचं ते स्वतःच्या खुर्चीत बसून, स्वतःच्या खर्चाने. म्हणून तर इतकी वर्षं आमचं जमलं.

आणि माणूस कामाचा. संगणकावर बीजगणित करणारा एक प्रोग्राम असतो, फुकट मिळतो. कॅल्क्युलेटर नुसते आकडे देतो. हा क्ष, य ठेवले तरी समीकरण सोडवून हातात देतो. आमच्याकडे तो बेहेरे सरांनी आणला, तोही अशा काळात जेव्हा आमच्या संस्थेत संगणकाचा मुख्य उपयोग नोटिशीला किनार काढणं हा होता. त्यावर त्यांनी मुलांसाठी लॅब मॅन्युअल लिहिलं. दर वर्षी त्याची नवी छपाई यायची. गठ्ठा सुटला की सर वरची प्रत उचलायचे आणि आत न बघता नुसतं कव्हर बघायचे. 'लेखक : य. ग. बेहेरे'. मग प्रत परत ठेवायचे आणि म्हणायचे, "कागद हलका वापरलाय यंदा." त्या दिवशी मात्र चहा त्यांच्याकडून असायचा.

अशा या सरांच्या आयुष्यात भाग्यश्री वानखडे आली.

ती यवतमाळकडची. नवरा खराडीला आयटीत, म्हणून ही पुण्यात. वय सरांच्या निम्म्याहून थोडं जास्त. आवाज असा की ती दुसऱ्या मजल्यावर शिकवायला लागली की पहिल्या मजल्यावरच्या मुलांचाही अभ्यास व्हावा. आल्या आल्या तिने स्टाफरूममध्ये सगळ्यांना घरचे शंकरपाळे वाटले. सरांनी दोन घेतले आणि ती गेल्यावर मला म्हणाले, "मनमिळाऊ दिसतात. आपल्याला काय त्याचं!" मी मनात म्हटलं, झालं सुरू.

खरी आग लागली ती महिन्याभराने, आणि लागली एका चिन्हावरून.

ते चिन्ह काय हे मला सरांनीच समजावून सांगितलं होतं, म्हणून मीही सांगू शकते. शाळेत हौदाचं गणित सगळ्यांनी केलेलं आहे. एक नळ हौद तीन तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? उत्तर दोन तास. विजेच्या तारांतही हेच गणित असतं. दोन रेझिस्टन्स एकमेकांशेजारी जोडले की तीन आणि सहाचे मिळून दोन होतात. पुस्तकात हे दाखवायला तीन आणि सहाच्या मध्ये दोन उभ्या दांड्या काढतात. पण त्या प्रोग्रामला बिचाऱ्याला अधिक, उणे, गुणिले, भागिले एवढीच मंडळी ठाऊक. म्हणून सरांनी मॅन्युअलमध्ये स्वतःचा एक शब्द करून दिला होता, 'समांतर'. मुलांनी लिहायचं : समांतर(३, ६). आणि तीन रेझिस्टन्स असतील तर समांतर(समांतर(३, ६), २). चार-पाच झाले की कंसांची अशी गर्दी व्हायची की मुलं बोटाने मोजत बसायची. एक कंस कमी पडला की प्रोग्राम रुसायचा आणि सर ओरडायचे. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं, आणि हे असंच असतं अशी सगळ्यांची समजूत होती.

वानखडेने एक दिवस वर्गात सांगितलं, "कायले मोजता रे एवढे कंस?" आणि प्रोग्रामला एका ओळीत बजावलं की बाबा रे, या दोन उभ्या दांड्या म्हणजे दोघांच्या मध्ये उभं राहणारं नवं चिन्ह आहे. दुसऱ्या ओळीत त्या चिन्हाने करायचं काय ते सांगितलं. मग टाइप केलं, ३ || ६. प्रोग्रामने मुकाट्याने दोन दिले. पुस्तकात जसं दिसतं तसंच पडद्यावर. पोरांनी बाकं बडवली. आमच्या पोरांना दांड्या मारणं आधीपासून येत होतंच, आता त्या अभ्यासक्रमातही आल्या. संध्याकाळपर्यंत त्या चिन्हाचं बारसं झालं होतं : 'मॅडमच्या दांड्या'.

बेहेरे सर त्याच वर्गावर पुढच्या तासाला गेले. फळ्यावर त्या दोन दांड्या तशाच होत्या. एका मुलाने सांगितलंसुद्धा, "सर, आता ते समांतरबिमांतर नको, मॅडमनी भारी आयडिया दिलीय." सरांनी फळा पुसला आणि शिकवायला सुरुवात केली. परत आले ते थेट खुर्चीत बसले.

"एक ओळ आहे ती," ते म्हणाले. "यात काय मोठंसं? त्या प्रोग्रामात ही सोय पहिल्यापासून आहे. कुणीही लिहील."

"मग तुम्ही का नाही लिहिलीत?"

मी सहज विचारलं होतं. सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खालच्या मजल्यावरची आहे. नंतर डबा उघडला, भाजीकडे बघितलं आणि तसाच बंद केला. "आपल्याला काय त्याचं," असं म्हणाले खरे, पण आवाज निघाला नाही.

माणसाला दुसऱ्याच्या बंगल्याचा हेवा वाटतो, त्याचं मला काही वाटत नाही; बंगला आपल्याला परवडणारच नसतो. पण जी गोष्ट आपल्या हाताशी होती, रोज समोर होती, फुकट होती, ती दुसरं कुणीतरी येऊन सहज उचलून नेतं, तो हेवा वाईट. सरांना ते चिन्ह सुचायला हवं होतं. पुस्तकात ते रोज बघत होते. त्यांना सुचलं नाही, एवढीच वानखडेची चूक.

पुढचे काही दिवस सर जणू वानखडेवर पीएचडी करत होते. तिच्या वर्गावरून जाताना चपला हळू वाजायच्या. मुलं हसली की यांचा चेहरा उतरायचा. "काय एवढं हसायला असतं हो हिच्या तासाला? ओहमच्या नियमात विनोद कुठे आहे?" असं मला विचारायचे. मी म्हटलं, माझ्या तासाला मुलं नसतातच, मी कुणाकडे बघून जळू?

मग एका सोमवारी सर आले ते उजळलेल्या चेहऱ्याने. मला वाटलं, खालच्या नळाची धार बारीक झाली.

"श्यामलाबाई, सापडलं!"

"काय?"

"चूक. वानखडे मॅडमच्या दांड्यांत चूक आहे." आणि ते खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आले. "शाळेतलं कंचेभागुबेव आठवतंय?"

आठवत होतं. आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, शेवटी बेरीज-वजाबाकी. गणित कुठूनही सोडवून चालत नाही, क्रम ठरलेला असतो.

"प्रोग्रामातही तोच क्रम. फक्त तिथे प्रत्येकाला आकडा दिलेला असतो. अधिकाला शंभर, गुणिलेला एकशेवीस. आकडा मोठा, त्याला पान आधी. आता तुम्ही पंगतीत नवा पाहुणा आणलात तर त्याला सांगायला नको, बाबा, तू इथे बस? वानखडे मॅडमनी चिन्ह आणलं, पण जागा सांगितलीच नाही! आणि जागा सांगितली नाही तर तो प्रोग्राम पाहुण्याला एकशेऐंशी देतो. म्हणजे थेट पहिल्या पाटावर. सगळ्यांच्या आधी हाच जेवणार."

"मग बिघडलं कुठे?"

सरांनी माझ्या वहीच्या पाठीवर लिहिलं : ४ + २ × ३ || ६. "हे कसं वाचाल? आधी बे त्रिक सहा. मग सहा आणि सहा शेजारी जोडले, त्यांचे झाले तीन. मग चार मिळवा, सात. बरोबर? तिच्या दांड्या काय करतात, गुणाकाराच्याही आधी तीन आणि सहावर झडप घालतात. त्यांचे दोन. मग दोनदा दोन चार, आणि चार आठ. उत्तर चुकलं, आणि प्रोग्राम तक्रारसुद्धा करत नाही. वर्गात नुसतं ३ || ६ करून दाखवलं तर कळणार कसं?"

सांगताना सरांचे डोळे चमकत होते. इतकं छान त्यांनी मला काहीच कधी समजावलं नव्हतं.

"मग तिला सांगा की," मी म्हटलं.

"आपल्याला काय त्याचं!"

सांगितलं नाहीच. उलट स्वतःच्या लॅबमधल्या संगणकावर, प्रोग्राम सुरू होताना आपोआप वाचली जाते त्या फाईलमध्ये, त्यांनी तेच चिन्ह स्वतःचं म्हणून लिहून ठेवलं. वेगळं चिन्ह घेऊन बघितलं होतं, तारा घेतला, टिंबं घेतली, पण त्या दोन दांड्यांसारखं दुसरं काही दिसेना. फरक एकच. सरांनी पाहुण्याला जागा दाखवली होती. शंभर आणि एकशेवीसच्या मधली, एकशेदहा. "नव्या मॅन्युअलमध्ये हे घालणार," ते म्हणाले. "नीट केलेलं."

नवं मॅन्युअल हीच तर आता गोम होती. अभ्यासक्रम बदलला होता आणि मॅन्युअल नव्याने लिहायचं होतं. आमचे प्राचार्य काळभोर सर पक्के हडपसरचे. मीटिंग संपत आली की त्यांची भाषा घरी जाते. ते म्हणाले, "आजूबाजूच्या कॉलेजांतले शिक्षक आपल्याकडं बघायला येनार हायेत. बेहेरे सर, तुमी दाखवा, वानखडे मॅडम दाखवतील. पावन्यांना ज्याचं पटंल त्याच्याकडं मॅन्युअल. लई वर्षं एकच नाव चाललंय, जरा बदल बी नको का?"

बेहेरे सरांनी मान डोलावली. टेबलाखाली त्यांचा गुडघा हलत होता, तो मला दिसत होता. या माणसाला मूलबाळ नाही, पेठेतली जागा भाड्याची, बक्षीस कधी कसलं मिळालं नाही. कव्हरवरची ती एक ओळ एवढंच काय ते त्यांचं जगात छापलेलं नाव. आता ते जाणार की राहणार, हे त्या दिवशी ठरणार होतं.

सरांची तयारी झालेली होती. ते वानखडेच्या विरोधात काही बोलणार नव्हते. पाहुण्यांसमोर तिला फक्त एक गणित टाकायला सांगणार होते. ४ + २ × ३ || ६.

"हे बरं नव्हे," मी म्हटलं. "तुम्ही सांगत नसाल तर मी सांगते तिला."

"सांगा. काय सांगाल?"

मी तरातरा गेले. वानखडे जिन्यात भेटली. मी इंग्रजीची बाई. ऐन वेळी ते शंभर नि एकशेवीस डोक्यातून गेले, पंगत तेवढी राहिली. म्हटलं, "अगं, तुझं ते चिन्ह म्हणे पहिल्या पाटावर बसतं."

ती खळखळून हसली. "बसू द्या ना मॅडम, मानाचंच आहे ते!" आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेली.

पाहुणे आले. बेहेरे सरांनी आपला भाग आधी दाखवला. बिनचूक होता, आणि कंटाळवाणा. पाहुण्यांतल्या एकाने जांभई दिली, ती सरांनी पाहिली. मग वानखडेची पाळी. ती आपल्या लॅबमध्ये दाखवणार होती, पण तिथला प्रोजेक्टर निळा पडदा दाखवून थांबला. शेवटी तीही बेहेरे सरांच्याच लॅबमध्ये आली आणि त्यांच्याच संगणकावर बसली. आमच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह चालत नाही, म्हणून ती आपल्या दोन ओळी हाताने टाइप करायला निघाली होती. त्याआधी सहज म्हणून तिने ३ || ६ टाकून बघितलं. उत्तर दोन आलं. "अरे वा, इथे आधीच चढवून ठेवलंय कुणीतरी," ती खुशीत म्हणाली. "बरं झालं." तिला वाटलं, लॅबवाल्यांनी तिची फाईल सगळीकडे टाकलीय.

मी बेहेरे सरांकडे पाहिलं. त्यांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते हातातली गणिताची चिठ्ठी बघत होते.

वानखडेने पाहुण्यांना हौद, नळ, कंसांची गर्दी असं सगळं सांगितलं. लोक हसले, माना डोलावल्या. मघाशी जांभई दिलेला पाहुणा पुढे सरकून बसला. सरांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. तिचं बोलणं संपता संपता ते उभे राहिले.

"मॅडम, एक छोटंसं गणित टाका ना. चार अधिक, दोन गुणिले तीन, मग तुमच्या दांड्या, मग सहा."

तिने टाकलं. सर पाहुण्यांकडे वळून बोलायलाही लागले होते, "आता बघा, इथे गंमत अशी आहे की..." आणि मग त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

पडद्यावर सात होते.

"पुन्हा टाका," सर म्हणाले.

तिने पुन्हा टाकलं. सात. एका पाहुण्याने कागदावर करून बघितलं आणि म्हणाला, "सातच. बरोबर आहे."

"गंमत काय म्हनत होता सर?" काळभोर सरांनी विचारलं.

तेव्हा सरांना कळलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर ते कळताना दिसलं. संगणक त्यांचा, फाईल त्यांची, एकशेदहा त्यांचे. वानखडेच्या दांड्या त्यांनी स्वतःच्या हाताने योग्य जागी बसवून ठेवल्या होत्या. तिच्या लॅबमधला प्रोजेक्टर चालला असता तर आठ आले असते. आता 'हे माझं आहे' म्हणावं, तर तिचं चिन्ह तुमच्या मशीनमध्ये कसं, आणि चूक माहीत होती तर हाच प्रश्न का विचारलात, हे सगळं बाहेर येणार. सरांनी हातातली चिठ्ठी खिशात सारली.

"गंमत हीच," ते म्हणाले, "की... उत्तर बरोबर आलं."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अवघड गणित घालून सरांनीच सहकारी बाईंना कसं खुलवलं, याचं चहाच्या वेळी कौतुकही झालं. मॅन्युअल वानखडेकडे गेलं. पार्किंगमध्ये सर स्कूटरला किल्ली न लावताच उभे होते. मला म्हणाले, "श्यामलाबाई, ते सात माझे होते."

पण गोष्ट तिथे संपली नाही, कारण वानखडे बावळट नाही. कौतुकाच्या भरात घरी जाऊन तिने नवऱ्याला दाखवायला तेच गणित आपल्या लॅपटॉपवर टाकलं, आणि तिथे आठ आले. सकाळी ती सरांच्या लॅबमध्ये गेली, फाईल उघडली, बघितली, आणि स्टाफरूममध्ये येऊन सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. मी वह्या तपासत होते. निदान हातात लाल पेन होतं.

"सर, तुमच्या मशीनमध्ये माझ्या दांड्या काय करून राहिल्या?"

"त्या तुमच्या नाहीत. पुस्तकात पहिल्यापासून आहेत."

"आणि एकशेदहा?"

"ते माझे."

"म्हणजे माझे आठ येणार, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

"म्हणूनच ते गणित घातलं."

"म्हणूनच."

तिचा एरवीचा आवाज राहिलाच नव्हता. "सर, मी तुमचं काय केलं हो?"

मला वाटलं, आता येणार ते वाक्य. पण सर उभे राहिले. "तुम्ही काही केलं नाहीत, मॅडम. एक ओळ लिहिलीत. ती मला सुचायला हवी होती. मुलं तुमच्या तासाला हसतात. मला तुमचा हेवा वाटतो. कालपासून नाही, शंकरपाळे आणलेत तेव्हापासून."

सरांच्या तोंडून 'हेवा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. माझ्या पेनाने एका मुलीच्या निबंधावर उगाचच मोठी रेघ ओढली गेली.

वानखडे रडेल किंवा प्राचार्यांकडे जाईल असं वाटत होतं. दोन्ही करायचा तिला हक्क होता. शेवटी तिने नाक ओढलं आणि विचारलं, "पण एकशेदहाच का? एकशेपाच का नाही?"

"शंभर आणि एकशेवीसच्या मधलं कुठलंही चालेल," सर म्हणाले. "मी दोन्हीकडून सारखं अंतर ठेवलं. पुढे कुणाला आणखी चिन्ह घालायचं झालं तर दोन्ही बाजूंना जागा असावी."

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्या डोक्यात चिन्ह आलं."

मग त्या दोघांनी माझ्याच वहीच्या पाठीवर काहीतरी लिहायला घेतलं. बेरजेच्या आधी की नंतर, यावरून वादही झाला. जाताना ती म्हणाली, "सर, राग आलाय मला. जाईल की नाही माहीत नाही. पण एकशेदहा मी घेऊ का?"

"घ्या. आकडा काय कुणाच्या बापाचा असतो?"

नवं मॅन्युअल छापून आलं. गठ्ठा सुटला. सर जागेवरून उठले नाहीत. कव्हरवर 'लेखिका : भाग्यश्री वानखडे' होतं. चहा त्या दिवशी वानखडेने दिला, आणि सरांनी तो प्यायला, अर्धा.

यालाही काही दिवस लोटले. परवा दुपारी सलोनी नावाची पहिल्या वर्षाची मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. "बेहेरे सर, एकशेदहा तुमचे ना?"

सर दचकले. "कोण म्हणालं?"

"वानखडे मॅडम. प्रत्येक बॅचला सांगतात. मॅन्युअलमध्येपण आहे ना सर, पहिल्याच प्रयोगात, 'दोन दांड्यांची जागा प्रा. बेहेरे यांनी ठरवली' म्हणून. मॅडम म्हणाल्या, मी चुकले होते, माझं उत्तर सरांमुळे बरोबर आलं. का एकशेदहा ते त्यांनाच जाऊन विचार, माझ्यापेक्षा छान सांगतात."

सरांनी मॅन्युअल आतून उघडलंच नव्हतं. त्यांनी तिला बसवून घेतलं. पंगत सांगितली, पाहुणा सांगितला, पहिला पाट सांगितला. मुलगी हसली. सरांच्या तासाला कुणी हसल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. "थँक्यू सर, एकदम क्लिअर," म्हणून ती गेली.

मी सरांकडे वळले. म्हटलं, "घ्या. आता तरी झालं ना समाधान?"

सर दाराकडे बघत होते. डोळे भरलेले होते.

"श्यामलाबाई, चिन्ह तिला सुचलं, मला नाही. गिळलं. कव्हर गेलं, तेही गिळलं. पण मी तिच्या जागी असतो ना, आणि ती माझ्याशी असं वागली असती, तर मेलो असतो तरी वर्गात तिचं नाव घेतलं नसतं. आणि ती घेते हो. प्रत्येक बॅचला घेते. मी चुकले होते, असं पोरांसमोर म्हणते." त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. "हे मला नाही जमणार. कितीही शिकलो तरी नाही जमणार. याचा हेवा कुठे ठेवू मी?"

'आपल्याला काय त्याचं' येईल म्हणून मी थोडा वेळ थांबले. आलं नाही. मग मीच त्यांचा डबा उघडला आणि त्यांच्यासमोर सरकवला.